मिसिसिपी जॉन हर्ट: ऐकायचं कुठून, वाजवायचं कसं

ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत, म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना इलेक्ट्रिक गिटारच आठवते. मुंबईत मेहबूब स्टुडिओत २०११ पासून भरत आलेल्या महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलनं अनेकांना या संगीताची गोडी लावली, पण तिथेही जोर बडी गाय यांच्यासारख्या इलेक्ट्रिक वादकांवर राहिला. मग कुणी हौसेनं अकूस्टिक ब्लूजकडे वळतो, रॉबर्ट जॉन्सन किंवा चार्ली पॅटन या जुन्या गायक-गिटारवादकांचं नाव ऐकलेलं असतं म्हणून तिथूनच सुरुवात करतो आणि आठवड्याभरात सोडून देतो. रेकॉर्डची खरखर, न कळणारे शब्द आणि एका गिटारीतून येणारे तीन गिटारींचे आवाज, हे सगळं एकदम अंगावर येतं.

नवख्यानं मिसिसिपी जॉन हर्ट या गायक-गिटारवादकापासून सुरुवात करावी. त्यांचा आवाज मृदू आहे आणि शब्द बऱ्यापैकी ऐकू येतात. डाव्या हाताला बहुतांशी पहिल्या तीन फ्रेटमधल्या (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांमधली घरं) साध्या कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूरसमूह, असतात. शिवाय त्यांची बरीचशी गाणी दोनदा ध्वनिमुद्रित झाली आहेत, एकदा १९२८ मध्ये आणि पुन्हा १९६३ नंतर. तोच माणूस, तेच गाणं आणि मध्ये ३५ वर्षं, अशी तुलना करायची सोय या क्षेत्रात फार थोड्या कलावंतांकडे आहे.

त्यांचं सगळं वादन उजव्या हाताच्या अंगठ्यावर उभं आहे. म्हणून ऐकताना आधी अंगठा ऐका आणि वाजवतानाही आधी अंगठाच बसवा. खालच्या पायऱ्यांचा क्रम त्याच हिशेबानं लावला आहे.

पायरी १: माणूस कोण, रेकॉर्ड कधीचे

तारखा पाठ करायची गरज नाही, पण तीन टप्पे डोक्यात पक्के असले की रेकॉर्ड निवडताना फसगत होत नाही.

हर्ट यांचा जन्म मिसिसिपी राज्यातल्या कॅरल काउंटीतला. जन्मसाल कुठे १८९२ तर कुठे १८९३ दिलेलं आढळतं. ते वाढले ॲव्हलॉन नावाच्या छोट्या वस्तीत. हा भाग मिसिसिपीतल्या डेल्टा नावाच्या सपाट कापूसपट्ट्याच्या कडेला, टेकड्या सुरू होतात तिथे आहे. नऊ-दहा वर्षांचे असताना ते स्वतःच गिटार शिकले. पोटासाठी शेतमजुरी आणि शनिवारच्या नाचाच्या कार्यक्रमांत वादन, असा त्यांचा दिनक्रम होता. त्याच भागात विली नारमोर हे गोरे फिडलवादक होते आणि हर्ट अधूनमधून त्यांच्याबरोबर वाजवत. नारमोर यांना ओके रेकॉर्ड्स या कंपनीत संधी मिळाली तेव्हा त्यांनी निर्माते टॉमी रॉकवेल यांना हर्ट यांचं नाव सुचवलं.

१४ फेब्रुवारी १९२८ रोजी मेम्फिसमध्ये हर्ट यांची आठ गाणी ध्वनिमुद्रित झाली. त्यांतली दोनच बाजारात आली: ‘फ्रँकी’ आणि ‘नोबडीज डर्टी बिझनेस’. रेकॉर्ड बरी खपली म्हणून रॉकवेल यांनी न्यूयॉर्कला बोलावलं. पसंत पडलेल्या प्रत्येक गाण्याला २० डॉलर आणि येण्याजाण्याचा खर्च असा तो प्रस्ताव होता. आठेक गाणी तयार ठेवा आणि त्यांतली निदान चार ‘फ्रँकी’सारखी जुन्या वळणाची असू द्या, असंही कळवलं होतं. त्यानंतर २१ आणि २८ डिसेंबर १९२८ अशी दोन सत्रं न्यूयॉर्कला झाली. नावामागे ‘मिसिसिपी’ लावलं ते कंपनीनं, खप वाढावा म्हणून.

मग महामंदी आली, रेकॉर्डचा धंदा बसला आणि हर्ट ॲव्हलॉनला परतून पुन्हा शेतात राबू लागले. पुढची ३५ वर्षं त्यांचा एकही रेकॉर्ड नाही.

१९५२ मध्ये फोकवेज कंपनीनं हॅरी स्मिथ यांनी निवडलेल्या ८४ जुन्या रेकॉर्डचा संच काढला. त्यात हर्ट यांची ‘फ्रँकी’ आणि ‘स्पाइक ड्रायव्हर ब्लूज’ ही दोन गाणी होती. नव्या पिढीच्या गिटारवादकांनी ती घासून घासून ऐकली, पण हा माणूस हयात आहे का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. धागा सापडला तो त्यांच्याच गाण्यात. ‘ॲव्हलॉन ब्लूज’ न्यूयॉर्कच्या पहिल्या सत्रात ध्वनिमुद्रित झालं होतं आणि त्यात ते ॲव्हलॉनला आपलं गाव म्हणतात. संग्राहक डिक स्पॉट्सवूड यांच्याकडून टॉम हॉस्किन्स यांना ते गाणं ऐकायला मिळालं, जुन्या ॲटलासमध्ये गाव शोधलं गेलं आणि मार्च १९६३ मध्ये हॉस्किन्स थेट ॲव्हलॉनला पोहोचले. सत्तरीतले हर्ट तिथेच होते आणि त्यांचा हात शाबूत होता. त्याच जुलैत ते न्यूपोर्ट फोक फेस्टिव्हलच्या मंचावर बसले. २ नोव्हेंबर १९६६ रोजी त्यांचं निधन झालं. म्हणजे दुसरी कारकीर्द जेमतेम साडेतीन वर्षांची, पण ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीनं पहिलीपेक्षा कितीतरी भरघोस.

पायरी २: काय घ्यायचं, काय आधी ऐकायचं

ऑनलाइन शोधलंत तर हर्ट यांच्या नावावर डझनावारी संकलनं दिसतील. बऱ्याच संकलनांत १९२८ ची आणि साठच्या दशकातली गाणी एकत्र कालवलेली असतात आणि साल कुठेच लिहिलेलं नसतं. अशा संकलनांच्या नादी लागू नका. खालच्या क्रमानं गेलात तर पुरे.

सुरुवात ‘टुडे!’ या अल्बमनं करा. व्हॅनगार्ड कंपनीनं तो १९६६ मध्ये काढला, निर्मिती पॅट्रिक स्काय यांची. त्यात १२ गाणी आहेत. ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे, अंगठा आणि बोटं वेगवेगळी ऐकू येतात, त्यामुळे शिकणाऱ्यासाठी याहून सोयीचा रेकॉर्ड नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २००९ च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदणीत त्याचा समावेश केला. पहिले दोन आठवडे फक्त हाच ऐका.

मग १९२८ ची गाणी. मेम्फिसमधली दोन आणि न्यूयॉर्कमधली अकरा, अशी एकूण तेरा उपलब्ध आहेत. त्यांतलं ‘बिग लेग ब्लूज’ कंपनीनं तेव्हा काढलंच नव्हतं. कोलंबिया-लेगसीनं १९९६ मध्ये ‘ॲव्हलॉन ब्लूज’ या नावानं सगळी तेरा एका सीडीवर आणली. तुमच्या हातातल्या संकलनात तेरापेक्षा कमी गाणी असतील तर काहीतरी गाळलेलं आहे. जास्त असतील तर नंतरचं काहीतरी मिसळलेलं आहे.

तिसरी ओळख मंचावरच्या हर्ट यांची. इथे नावावरून हमखास फसायला होतं: ‘द बेस्ट ऑफ मिसिसिपी जॉन हर्ट’ हे निवडक गाण्यांचं संकलन नाही. ती १५ एप्रिल १९६५ रोजी ओबरलिन कॉलेजात झालेली आख्खी मैफल आहे. गाण्यांमधलं बोलणं आणि श्रोत्यांची दाद त्यात ऐकू येते. छोट्या खोलीत आपल्याच माणसांपुढे गावं तसे ते गातात.

यानंतर ‘द इमॉर्टल मिसिसिपी जॉन हर्ट’ (१९६७) आणि १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉटेलात ध्वनिमुद्रित होऊन १९७२ मध्ये निघालेला ‘लास्ट सेशन्स’ घ्या. जुलै १९६३ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी केलेलं ध्वनिमुद्रण मोठं आहे. त्यात भजनं आणि इतर कुठे न सापडणारी गाणी मिळतात. मात्र ते सगळ्यात शेवटी ऐका, कारण तो संग्रहासाठी केलेला ऐवज आहे, सलग ऐकण्याच्या हिशेबानं बांधलेला अल्बम नाही.

पायरी ३: कान तयार करणं

गाणं लावा आणि गायनाकडे पूर्ण दुर्लक्ष करा. पायानं ठेका धरा. पायाच्या प्रत्येक आघाताबरोबर एक जाड सूर येतो: खाली, वर, खाली, वर. हा अंगठा. आळीपाळीनं दोन तारांवर पडणाऱ्या या सुरांना गिटारवादक अल्टरनेटिंग बास म्हणतात. भजनात बुवा कुठेही गेले तरी टाळ जसे थांबत नाहीत, तसा हा अंगठा गाण्याच्या पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत थांबत नाही.

आता त्याच गाण्यात बारीक तारा ऐका. त्यांवर बहुधा गाण्याचीच चाल वाजते आहे. त्यातले काही सूर अंगठ्याच्या बरोबर पडतात, काही दोन आघातांच्या मधल्या पोकळीत. मधल्या पोकळीत पडणाऱ्या सुरांमुळे वादन उड्या मारतं.

तिसऱ्या खेपेला गायन ऐका आणि ओळींच्या शेवटांकडे लक्ष द्या. हर्ट पुष्कळदा ओळ अर्धी सोडतात आणि उरलेले सूर गिटार पुरे करते. शब्द विसरले म्हणून नव्हे, ही त्यांची पद्धतच आहे. ओळीचा शेवट गळ्याकडून बोटांकडे सोपवलेला असतो. एकदा हे कानात बसलं की त्यांची गिटार साथ कमी आणि दुसरा गायक जास्त वाटायला लागते.

यानंतर ‘लुई कॉलिन्स’, ‘कँडी मॅन’ आणि ‘स्पाइक ड्रायव्हर’ ही तीन गाणी आधी १९२८ ची आणि लगेच ‘टुडे!’मधली अशी जोडीनं ऐका. जुन्यांत वेग जास्त आहे, आवाज कोवळा आहे आणि प्रत्येक गाणं तीन मिनिटांच्या आसपास संपतं, कारण मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या (७८ आरपीएम) दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर त्याहून फारसं मावत नसे. साठच्या दशकात आवाज खाली उतरला आहे आणि लय सैल झाली आहे. अंगठा मात्र तोच.

एक गैरसमज इथेच दूर झालेला बरा. हर्ट यांना ब्लूजवाले म्हणतात, पण त्यांच्या संग्रहात बारा बारच्या (चार-चार ठोक्यांचे बारा गट) ठरीव बांधणीचं ब्लूज निम्मंही नाही. ‘फ्रँकी’ आणि ‘स्टॅक ओ’ली’ ही कथागीतं आहेत, दोन्हींची मुळं सेंट लुईस शहरातल्या खऱ्या खुनांत: फ्रँकी बेकरची घटना १८९९ ची, ली शेल्टननं बिली लायन्सला मारलं ते १८९५ च्या नाताळात. ‘स्पाइक ड्रायव्हर’ रेल्वेमजूर जॉन हेन्रीच्या दंतकथेशी जोडलेलं आहे. ‘ब्लेस्ड बी द नेम’ हे चर्चमधलं भक्तिगीत. असं सगळं गाणाऱ्या कलावंताला तिकडे साँगस्टर म्हणत. ओके कंपनीनं मात्र त्यांच्या रेकॉर्ड कृष्णवर्णीय ग्राहकांसाठीच्या ८००० च्या मालिकेत घातल्या आणि शेजारी राहणाऱ्या नारमोर यांच्या गोऱ्या ग्राहकांसाठीच्या ४५००० च्या मालिकेत. दोघं एकाच गावच्या नाचांत वाजवायचे, ही गोष्ट रेकॉर्डच्या कागदी वेष्टनावरून कुणाला कळली नसती. म्हणून प्रत्येक गाण्यात बारा बार शोधत बसू नका. तसे शोधलेत तर निम्मी गाणी चुकीची वाटतील.

पायरी ४: गिटार आणि तारा

स्टीलच्या तारांची कुठलीही अकूस्टिक गिटार चालेल. आपल्याकडे नवशिक्यांच्या हातात बहुधा यामाहा एफ३१० सारखी मोठ्या पोटाची ड्रेडनॉट असते. तिचा बास जरा जास्त घुमतो. अंगठा हलका ठेवलात की काम होतं. हर्ट साठच्या दशकात गिल्ड एफ-३० वाजवत, ती मध्यम आकाराची आहे. नवीन घेणार असाल तर छोट्या पोटाची आणि नटपाशी (मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) ४४ मि.मी.च्या आसपास रुंदीची गिटार बघा. ४३ मि.मी.वरही जमतं, पण जाड बोटांना दोन तारांमध्ये शिरायला जागा कमी पडते. नायलॉनच्या तारांवर बासचा टणक आघात येत नाही, म्हणून क्लासिकल गिटार यासाठी नको.

तारांचा संच फॉस्फर ब्राँझ, ११-५२ किंवा १२-५३. बाराव्या फ्रेटवर सहाव्या (सगळ्यात जाड) तारेची उंची अडीच मि.मी. आणि पहिलीची (सगळ्यात बारीक) दोन मि.मी.च्या जवळ असावी. याहून उंच असेल तर एफ कॉर्ड धरताना हात दुखेल आणि दोष स्वतःला देत बसाल. दुकानातून सेटअप करून घ्या.

कोकण, मुंबई, गोवा इथे राहणाऱ्यांनी पावसाळ्यात विशेष काळजी घ्यावी. दमट हवेत पुढची फळी फुगते, ब्रिज (फळीवर तारा अडकवलेली पट्टी) वर उचलला जातो आणि जूनमध्ये ठीक असलेली उंची ऑगस्टमध्ये वाढलेली असते. गिटार भिंतीवर न टांगता केसमध्ये ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत राहील असं बघा. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्यानं पुसल्या नाहीत तर बारीक तारा महिन्याभरात गंजतात.

पिक (तारा छेडायची चपटी पट्टी) लागत नाही. हर्ट उघड्या बोटांनी वाजवत. अंगठ्याचं नख तारेला थोडं लागेल इतकं ठेवा, बाकी मांसल भागानं. कॅपो, म्हणजे सूर चढवण्यासाठी मानेवर आडवा लावायची पकड, मात्र हवाच.

पायरी ५: अंगठा

उजवा हात असा ठेवा: अनामिका आणि करंगळी पहिल्या तारेच्या खाली गिटारच्या फळीवर हलकी टेकवा. हर्ट तसेच टेकवत. तर्जनीकडे दुसरी तार, मधल्या बोटाकडे पहिली, आणि सहावी, पाचवी, चौथी अंगठ्याकडे. तिसरी तार गरजेनुसार तर्जनी किंवा अंगठा घेतो. पीट सीगर यांच्या ‘रेनबो क्वेस्ट’ या टीव्ही कार्यक्रमात हर्ट आले होते. त्याचं चित्रीकरण शोधून फक्त उजवा हात बघा. मनगट जवळपास स्थिर आहे आणि अंगठा इतर बोटांच्या पुढे, डावीकडे निघालेला आहे. तुमचा अंगठा तळव्यात वळत असेल तर तो तर्जनीला अडवणार.

सी कॉर्ड धरा. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा. प्रत्येक ठोक्याला एक आघात: पाचवी, चौथी, पाचवी, चौथी. इतकंच, दहा मिनिटं. मग ५-४-६-४ करा. त्यासाठी सहावी तार येईल तेव्हा डाव्या हाताची अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरून सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर उचलून ठेवायची आणि परत आणायची. जी कॉर्डला ६-४-६-४. एफ कॉर्डला हर्ट डाव्या हाताचा अंगठा मानेवरून वर आणून सहाव्या तारेचा पहिला फ्रेट दाबत, त्यामुळे तिथेही ६-४-६-४ चालतं. अंगठा पोहोचत नसेल तर सुरुवातीला चौथी, तिसरी, दुसरी, पहिली या चार तारांचा छोटा एफ धरून ४-३-४-३ वाजवा. डी ला ४-३, ए ला ५-४, ई ला ६-४.

कॉर्ड बदलताना अंगठा अडखळला तर मागे जाऊन पुन्हा सुरू करू नका. डावा हात पोहोचो न पोहोचो, उजवा अंगठा चालूच ठेवा. एखादा सूर मेला तरी चालेल, ठोका चुकता कामा नये. हा नियम पहिल्या दिवसापासून पाळलात तर पुढचे सहा महिने वाचतील.

सी, एफ, जी असं फिरत पाच मिनिटं सलग अंगठा चालतो आणि त्याच वेळी घरातल्या कुणाशी तरी दोन वाक्यं बोलता येतात, तेव्हाच पुढे जा. बोलताना अंगठा थांबत असेल तर गाताना नक्की थांबणार.

पायरी ६: बोटं मिसळणं

मोजणी ‘एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि-चार-आणि’ अशी मोठ्यानं करा. आकड्यांवर अंगठा, ‘आणि’वर बोटं.

आधी फक्त ‘एक’वर चिमटा: अंगठा पाचव्या तारेवर आणि मधलं बोट पहिल्या तारेवर, दोन्ही एकदम. बाकी तीन ठोके नुसता अंगठा. ते बसलं की दोननंतरच्या ‘आणि’वर तर्जनीनं दुसरी तार. तेही बसलं की तीननंतरच्या ‘आणि’वर मधल्या बोटानं पहिली तार. पूर्ण घाट असा होतो: एकला चिमटा, दोनला अंगठा, मग तर्जनी, तीनला अंगठा, मग मधलं बोट, चारला अंगठा. एका वेळी एकच सूर वाढवा. तीनही एकदम घातले तर अंगठा बोटांच्या मागे धावू लागतो आणि तेच मोडायला पुढे वेळ जातो.

मात्र हा घाट सरावापुरताच आहे. नवशिके इथेच अडकतात: एक घाट पाठ करतात आणि प्रत्येक गाणं त्यात कोंबतात. ऐकायला नीटनेटकं लागतं, पण हर्ट यांचं लागत नाही. ते घाट वाजवत नाहीत, चाल वाजवतात. चालीचा सूर ज्या तारेवर असेल तिथे बोट जातं, कधी ठोक्यावर, कधी मध्ये. त्यामुळे घाट हाताला कळला की लगेच चालीकडे वळा.

पायरी ७: पहिलं गाणं ते पाचवं

‘माय क्रिओल बेल’ पहिलं. सी मध्ये आहे, लय संथ आहे, सी, एफ आणि जी सेव्हन या कॉर्डवर काम होतं आणि चालीचे बहुतेक सूर कॉर्डच्या आकारातच किंवा एका बोटाच्या अंतरावर सापडतात. करण्याची रीत अशी: आधी चाल गुणगुणा. मग अंगठ्याशिवाय, नुसती चाल पहिल्या तीन तारांवर शोधा. मग एकेक ओळ घेऊन अंगठा खाली घाला. कुठला सूर ठोक्यावर आणि कुठला मध्ये, हे मूळ रेकॉर्ड अर्ध्या वेगावर लावून ठरवा. यूट्यूबवर वेग ०.५ करता येतो, सूर तोच राहतो. ६० वर सुरू करा, एकही चूक न होता तीनदा वाजलं की ५ नं वाढवा.

दुसरं ‘लुई कॉलिन्स’, तेही सी मध्ये. चाल सोपी आहे, पण इथे गाणं आणि वाजवणं एकदम करायची सवय लावायची. आधी फक्त अंगठ्यावर गा, बोटं नंतर घाला. तिसरं ‘स्पाइक ड्रायव्हर’: सगळं गाणं जी कॉर्डवर उभं आहे, बदल नाहीच. सोपं वाटतं, पण डावी करंगळी बारीक तारांवर सतत हलती राहते आणि खाली बास जराही डळमळून चालत नाही. चौथं ‘कॉफी ब्लूज’, ए मध्ये. यात लाँग ए नावाचा आकार लागतो: तर्जनी दुसऱ्या फ्रेटवर दुसरी-तिसरी-चौथी तार आडवी दाबते आणि करंगळी पहिल्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर. (‘लव्हिन स्पूनफुल’ या बँडनं आपलं नाव याच गाण्यातून घेतलं.) पाचवं ‘कँडी मॅन’, पुन्हा सी, पण वेगवान. ते ‘टुडे!’च्या वेगानं वाजवा. १९२८ च्या वेगाचा मोह वर्षभर टाळलेला बरा.

रेकॉर्डबरोबर वाजवताना सूर जुळत नाही, ही तक्रार सगळेच करतात. गिटार बिघडलेली नसते. १९२८ च्या तबकड्या नेमक्या ७८ च्या वेगानं कोरल्या गेल्याच असतील असं नाही, आणि वेगवेगळ्या कंपन्यांनी त्या वेगवेगळ्या वेगानं उतरवल्या आहेत. म्हणून एकच गाणं दोन संकलनांत पाव-अर्ध्या सुरानं वर-खाली सापडतं. शिवाय हर्ट कॅपो लावत आणि कधी सगळी गिटारच वर-खाली मिळवत. आधी कॅपो एकेक फ्रेट सरकवून जवळचा सूर शोधा, उरलेला फरक तारा किंचित उतरवून भरून काढा. तारा चढवून जुळवायला गेलात तर पहिली तार तुटण्याची भीती.

काय बिघडतं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक: अंगठा फार जोरात. बास धडधडतो आणि चाल बुडते. स्वतःचं वादन फोनवर रेकॉर्ड करून दोन मीटरवरून ऐका. चाल गुणगुणता आली नाही तर अंगठा निम्म्यानं हलका करा, बोटांचा जोर वाढवू नका.

दुसरी चूक उलट दिशेची. मर्ल ट्रॅव्हिसच्या शैलीत तळवा ब्रिजपाशी टेकवून बास दाबून वाजवतात. ते शिकलेले लोक इथेही तळवा टेकवतात. हर्ट यांचा बास मोकळा आणि स्वच्छ आहे, त्यामुळे तळवा उचला.

उजवा खांदा किंवा मनगट दुखत असेल तर टेकवलेल्या बोटांवर भार पडतो आहे. टेकू नुसता स्पर्शापुरता हवा. आणि शीटवर टॅब (कुठली तार कुठल्या फ्रेटवर दाबायची ते आकड्यांत दाखवणारं लेखन) लिहिलेला आहे म्हणून तो बरोबरच असेल असं धरू नका. ऑनलाइन टॅब पुष्कळदा कुणा तिसऱ्याच वादकाच्या आवृत्तीवरून लिहिलेले असतात. कान आणि टॅब यांत भांडण झालं तर कानाचं ऐका.

पायरी ८: उघड्या ट्युनिंगची ओळख

वरची पाच गाणी साध्या ट्युनिंगमधली. ती बसल्यावर ‘फ्रँकी’कडे या, ते ओपन जी मध्ये आहे, म्हणजे काही न दाबता सगळ्या तारा छेडल्या की जी कॉर्ड वाजते अशी मिळवणी. सहावी तार ई वरून डी, पाचवी ए वरून जी, पहिली ई वरून डी, बाकी तीन तशाच. तिन्ही तारा उतरवायच्याच आहेत, त्यामुळे तुटण्याचा धोका नाही. पण सैल झालेली सहावी तार जोरात वाजवली की फ्रेटवर खडखडते. ११-५२ च्या संचावर खडखड जास्त असेल तर १२-५३ लावा. ट्युनिंग बदलल्यावर मान थोडी हलते, म्हणून सगळ्या तारा एकदा मिळवून पाच मिनिटांनी पुन्हा तपासा. जुनी ‘फ्रँकी’ हर्ट यांच्या सगळ्यांत वेगवान रेकॉर्डपैकी आहे. तिच्या पाठीमागे न लागता अर्ध्या वेगात चालीचे सूर आधी पक्के करा.

‘टॉकिंग केसी’ स्लाइडवर (तारांवर कठीण वस्तू घसरवत वाजवणं) आहे आणि त्यात गिटार आगगाडीचा आवाज काढते. ऐकायला मजेदार आहे, पण स्लाइड हा वेगळा अभ्यास आहे, तो आत्ता नको.

पुढे कुणाकडे

हर्ट यांची पाच-सहा गाणी हातात आली की एलिझाबेथ कॉटन ऐका. त्या डावखुऱ्या होत्या आणि उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी धरत, म्हणजे बास बोटांनी आणि चाल अंगठ्यानं. ऐकताना हे जाणवतही नाही, वाजवून बघितलं की कळतं. मग टेक्ससचे मॅन्स लिप्सकम. तेही साँगस्टरच, पण अनेक गाण्यांत त्यांचा अंगठा दोन तारांवर आळीपाळीनं न जाता एकाच सुरावर ठोके देत राहतो. हर्ट यांच्यानंतर हे वाजवताना अंगठ्याला नवी शिस्त लावावी लागते. रेव्हरंड गॅरी डेव्हिस त्यानंतर, कारण तिथे डाव्या हाताचं कामही अवघड होतं. डेल्टाचे सन हाउस आणि चार्ली पॅटन आता पुन्हा लावा. वर्षापूर्वी ज्या गिटारीत तीन गिटारींचा गोंधळ ऐकू आला होता, तिच्यात अंगठा कुठला आणि बोटं कुठली हे आता वेगळं काढता येईल.